क्षयरोगाच्या निदानाला संगणकाचा हातभार

क्षयरोगाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. त्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. शंभर वर्षांहून अधिक काळ डॉक्टर मुख्यत्वे याच दोन शोधांच्या आधारे क्षयाचे निदान करीत आले. थुंकीत जंतू दिसतो का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि फुफ्फुसावर डाग आहे का, हे एक्स-रेच्या फिल्मवर. गेल्या दीड दशकात त्यांच्या जोडीला तिसरी शक्ती आली आहे. ती आहे संगणकाची. एक्स-रे वाचण्यापासून जंतूची जनुके तपासण्यापर्यंत आणि नव्या औषधाचा माग काढण्यापर्यंत तिचा वावर सुरू झाला आहे. विज्ञानातील संशोधन आणि रुग्णाच्या खाटेजवळचा उपचार यांतील अंतर संगणक कसे कमी करतो आणि कोठे त्याचे हात तोकडे पडतात, हे पाहण्यासाठी क्षयरोगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. २०२५ पर्यंत क्षयरोगाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट देशाने २०१८ मध्ये जाहीर केले होते. दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ पर्यंत खाली आले. ही घट लक्षणीय असली, तरी त्याला निर्मूलन म्हणता येणार नाही.

लक्षणे नसलेला रुग्ण

अडचण कोठे आहे, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या राष्ट्रीय पाहणीतून स्पष्ट झाले. लक्षणे असूनही सुमारे ६४ टक्के लोकांनी कोणत्याही दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, पाहणीत छातीचा एक्स-रे काढला गेला नसता तर ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते. खोकला, ताप, वजन घटणे या ठरावीक प्रश्नांना त्यांनी ‘नाही’ असेच उत्तर दिले असते. उपचार न मिळालेला फुफ्फुसाच्या क्षयाचा एक रुग्ण वर्षभरात निकटच्या संपर्कातील ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. म्हणजे न सापडलेला रुग्ण हाच या रोगाचा खरा आधार आहे.

यावरील उपाय सांगायला सोपा आहे. हातात मावेल एवढे एक्स-रे यंत्र घेऊन वस्तीत जायचे. अशी यंत्रे आता उपलब्ध आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या देशव्यापी मोहिमेत त्यांचा वापरही झाला. परंतु दिवसभरात काढलेले शेकडो एक्स-रे वाचणार कोण? क्ष-किरण तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत आणि आदिवासी पाड्यावर त्यांची वाट पाहत बसणे शक्य नाही. संगणकाची गरज नेमकी येथे भासते.

यंत्र एक्स-रे कसा वाचते?

संगणकाच्या दृष्टीने एक्स-रे म्हणजे चित्र नव्हे, तर आकड्यांचा एक भलामोठा तक्ता. प्रत्येक बारीक चौकटीला तिच्या उजळपणानुसार एक आकडा मिळतो. क्षय असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींचे हजारो एक्स-रे संगणकाला दाखवले जातात आणि प्रत्येक वेळी खरे उत्तर सांगितले जाते. उत्तर चुकले की आज्ञावली आपल्या आतील लाखो गुणकांमध्ये किंचित फेरफार करते. हे असंख्य वेळा घडल्यानंतर कोणत्या छटा, कोणत्या कडा आणि कोणते आकार रोगाशी निगडित आहेत, याचा अंदाज तिला येऊ लागतो. या पद्धतीला न्यूरल नेटवर्क म्हणतात.

ही कल्पना नवी नाही, मात्र तिला लागणारी गणनशक्ती दीर्घकाळ परवडणारी नव्हती. व्हिडिओ गेममधील चित्रे वेगाने उमटवण्यासाठी बनवलेल्या चिप एकाच वेळी असंख्य लहान गणिते करू शकतात. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी अशा दोन चिपच्या साहाय्याने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले आणि या क्षेत्राची दिशा बदलली. त्यांचे मार्गदर्शक जेफ्री हिंटन यांना न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

क्षयरोगाच्या बाबतीत हे तंत्र कितपत विश्वासार्ह आहे, याची एक मोठी चाचणी ढाका येथे झाली. तेथील तीन केंद्रांवर २०१४ ते २०१६ या काळात तपासलेल्या सुमारे २४ हजार व्यक्तींचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या आज्ञावलींना देण्यात आले. त्यांतील एक मुंबईतील क्युअर डॉट एआय या कंपनीची होती. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाचही आज्ञावलींनी अनुभवी क्ष-किरण तज्ज्ञांपेक्षा सरस कामगिरी केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या प्राथमिक चाचपणीसाठी अशा आज्ञावलींना मान्यता दिली.

उंबरठ्याचे गणित

आज्ञावली ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत नाही, ही बाब येथे ध्यानात घ्यायला हवी. ती संशयाचा गुणांक देते. किती गुणांच्या वरील व्यक्तीला पुढील तपासणीसाठी पाठवायचे, हा उंबरठा माणसांनीच ठरवायचा असतो. या निर्णयात मोठी जबाबदारी दडलेली आहे.

समजा, एका शिबिरात १,००० जणांचे एक्स-रे काढले आणि त्यांतील १० जणांना खरोखर क्षय आहे. प्राथमिक चाचपणीने किमान ९० टक्के रुग्ण पकडावेत आणि किमान ७० टक्के निरोगी व्यक्तींना मोकळे सोडावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. या हिशेबाने ९ रुग्ण सापडतील, पण त्यांच्यासोबत ९९० निरोगी व्यक्तींपैकी २९७ जणांवरही संशय येईल. म्हणजे ९ रुग्णांसाठी थुंकीच्या ३०६ तपासण्या कराव्या लागतील. उंबरठा वर नेला आणि ९० टक्के निरोगी व्यक्ती वगळल्या, तर संशयितांत ९९ निरोगी उरतील. परंतु समजा, त्यापायी रुग्णही ९ ऐवजी ८ सापडले. तपासण्या १०७ वर आल्या. सुमारे २०० तपासण्यांचा खर्च वाचला आणि एक रुग्ण वस्तीत परतला. यांतील योग्य काय, याचे उत्तर संगणकाजवळ नाही. ते त्या जिल्ह्याकडे किती तपासणी संच आहेत आणि एका निसटलेल्या रुग्णाची किंमत आरोग्य यंत्रणा किती मानते, यावर अवलंबून असते.

यंत्राच्या डोळ्यांनाही मर्यादा आहेत. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुफ्फुसावर व्रण राहतात आणि ते आज्ञावलीला चकवतात. ढाक्यातील चाचणीतही अशा व्यक्तींमध्ये आणि वृद्धांमध्ये अचूकता कमी आढळली. अमेरिकेत न्यूमोनियासंबंधी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर वेगळाच प्रकार उघडकीस आला. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातून आला, हे आज्ञावली जवळपास अचूक ओळखत होती. जेथे रुग्णांचे प्रमाण जास्त, तेथील एक्स-रेवर संशय घेण्याचा सोपा मार्ग तिला सापडला होता. साहजिकच परक्या रुग्णालयात तिची कामगिरी घसरली. म्हणूनच एका शहरात उत्तीर्ण झालेली आज्ञावली दुसऱ्या प्रदेशात वापरण्यापूर्वी तेथील लोकांवर पुन्हा तपासून घेणे आवश्यक ठरते.

जंतूची कुंडली

क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा १९९८ मध्ये उलगडला. सुमारे ४४ लाख अक्षरांचा हा मजकूर त्या काळी अनेक वर्षांच्या परिश्रमाचे फळ होता. आता रुग्णाच्या शरीरातील जंतूचा असा मजकूर वाचून संगणकावर मूळ आराखड्याशी ताडून पाहता येतो. रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये बहुधा एका ठरावीक जनुकाच्या छोट्या भागात बदल झालेला असतो. सरकारी रुग्णालयांतील सीबीनॅट यंत्र हाच बदल सुमारे दोन तासांत शोधते. प्रयोगशाळेत जंतू वाढवून हेच उत्तर मिळवायला अनेक आठवडे लागतात आणि तोपर्यंत रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राहण्याचा धोका असतो.

कोणता बदल कोणत्या औषधाला निष्प्रभ करतो, याची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यासाठी अनेक देशांतून गोळा केलेल्या ३८ हजारांहून अधिक नमुन्यांची छाननी करण्यात आली. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत नमुन्यांची संख्या ५२ हजारांवर गेली. एवढ्या मजकुराची तुलना हाताने करणे कोणत्याही संशोधक गटाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

औषधशोधातही असेच घडत आहे. औषध हे बहुधा जंतूच्या एखाद्या प्रथिनाला चिकटते आणि त्याचे काम थांबवते. त्यासाठी त्या प्रथिनाचा आकार माहीत असावा लागतो. प्रयोगाने एक आकार उलगडायला काही महिने, कधी वर्षेही लागतात. अल्फाफोल्ड या आज्ञावलीने २०२० मध्ये हे आकार गणिताने वर्तवण्यात मोठी मजल मारली. २०२१ मध्ये तिने वर्तवलेले आकार सर्वांसाठी खुले करण्यात आले, तेव्हा पहिल्या २१ सजीवांच्या यादीत क्षयाच्या जंतूचाही समावेश होता. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तसेच नव्या प्रथिनांच्या रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र आकार कळणे म्हणजे औषध मिळणे नव्हे. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळालेले बेडाक्विलिन हे सुमारे ४० वर्षांतील क्षयरोगावरचे पहिले नव्या प्रकारचे औषध होते. संगणक शोधाची सुरुवात वेगवान करतो, परंतु औषध माणसाला सुरक्षित आहे की नाही, हे माणसांवरील चाचण्यांतूनच कळते आणि त्यांना वर्षे लागतात.

शेवटचा टप्पा माणसांचाच

एक्स-रेवर संशय आला की थुंकीची तपासणी हवी. निदान पक्के झाले की साध्या क्षयासाठीही सहा महिने खंड न पडता औषधे घ्यावी लागतात. रुग्णांची नोंद ठेवणारी ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली देशात २०१२ पासून आहे. पोषण आहारासाठीचे साह्य तिच्याच आधारे रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. ही रक्कम २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. परंतु मार्च २०२४ मध्ये औषधांचा पुरवठा अपुरा पडला, तेव्हा राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगावे लागले. अशा वेळी नोंद कितीही अचूक असली, तरी रिकाम्या कपाटातून गोळी निघत नाही.

संगणकाने रुग्ण लवकर शोधून दिला, तर आरोग्य यंत्रणेवरील भार आधी वाढतो, नंतर कमी होतो. शोधलेल्या प्रत्येक रुग्णासाठी तपासणी संच, औषधे आणि घरी जाऊन विचारपूस करणारा आरोग्यसेवक यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी लागेल. ती न करता घेतलेली आज्ञावली रुग्णांची यादी तेवढी लांबवील.