राणीचा देश आणि पंडितांची सून

लंडन



ज्या देशात राणी इतकी वर्षं गादीवर होती, तिथे बायकांना सरकारदरबारी अडचण ती काय असणार, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. इथल्या ऑल्डविच भागात इंडिया हाउस ही आपल्या उच्चायुक्तालयाची इमारत आहे. 1954 मध्ये तिथून उच्चायुक्त बाळासाहेब खेर गेले आणि त्यांच्या जागी विजयालक्ष्मी पंडित आल्या. त्या वर्षीचं इंग्लंड पाहिलं की हा भ्रम दूर होतो.

एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये एकही बाई नव्हती. ते दार 1958 च्या कायद्याने उघडलं. सरकारी नोकरीत समान पगाराची सुरुवात 1955 पासून, तीही हप्त्याहप्त्याने. परराष्ट्र खातं तर सर्वांत सोवळं. वकिलातीच्या नोकरीत बायकांना 1946 पर्यंत प्रवेशच नव्हता. परदेशी सरकारं बाईला गंभीरपणे घेणार नाहीत, असं त्याआधी या प्रश्नावर झालेल्या चौकशीत बऱ्याच साहेबांनी सांगितलं होतं. दार उघडलं तरी लग्न केलं की राजीनामा, ही अट 1973 पर्यंत टिकली. राजदूताच्या बायकोने मात्र बिनपगारी मेजवान्या सांभाळायच्या! भारताशी संबंधांचं काम तेव्हा राष्ट्रकुल संबंध खात्याकडे असे, त्यामुळे पंडितबाईंची रोजची गाठ या सोवळ्या खात्याशी नव्हती. पण शहर तेच, आणि साहेब त्याच मुशीतले.

या बाई तशा आपल्याच सूनबाई. माहेरी स्वरूप नेहरू. 1921 मध्ये रणजित सीताराम पंडितांशी लग्न झालं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे सासरी नाव बदललं. पंडितांचं घराणं मूळचं कोकणातलं, राजकोटला स्थिरावलेलं. रणजितराव संस्कृतचे जाणकार. ‘राजतरंगिणी’चा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला. विजयालक्ष्मी 1937 मध्ये संयुक्त प्रांतात मंत्री झाल्या, तुरुंगात जाऊन आल्या. 1944 मध्ये रणजितराव गेले. मृत्युपत्र नव्हतं, पदरी तीन मुली, मुलगा नाही. इस्टेटीसाठी दिराशी वाद उभा राहिला. मंत्रिपद भूषवलेल्या बाईची ही गत! मला त्यांच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा हा तपशील जास्त बोलका वाटतो.

पुढे मॉस्को, वॉशिंग्टन, आणि 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद. तिथे बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. मॉस्कोत स्टालिनने त्यांना भेट दिली नाही. त्यांच्यानंतर गेलेल्या राधाकृष्णन यांना दिली. लंडनमध्ये त्या 1961 पर्यंत राहिल्या. मधल्या काळात सुएझचं युद्ध झालं. ब्रिटनच्या हल्ल्याचा नेहरूंनी जाहीर निषेध केलेला, आणि त्यांची बहीण त्याच राजधानीत भारताची प्रतिनिधी. भावामुळे ही पदं मिळाली, असं तेव्हाही म्हटलं जाई. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, पण सुएझच्या दिवसांत साहेबांसमोर टेबलाशी बसायला भाऊ येत नाही.

इतर देशांचं पाहायचं, तर फिनलंडने आपली पहिली महिला राजदूत, तूने लेइवो-लार्सन, 1958 मध्ये ऑस्लोला पाठवली. त्याही आधी मंत्री होत्या. ब्रिटनची अ‍ॅन वॉरबर्टन कोपनहेगनला राजदूत म्हणून पोचली ती थेट 1976 मध्ये.

आपण मात्र फार मिशीला पीळ देऊ नये. आपल्या परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे. याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारचे चांगलेच कान उपटले. म्हणजे पंडितबाई बाहेर देशाची शान होत्या, तेव्हा घरचे नियम साहेबाच्याच वहीतले होते.

पंडितबाई नंतर 1962 मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, हे जुन्या लोकांना आठवत असेल. इंग्लंडचं म्हणाल, तर दिल्लीत ब्रिटनने पहिली महिला उच्चायुक्त नेमली ती 2024 मध्ये. लिंडी कॅमरन. पंडितबाई इंडिया हाउसात आल्या त्याला तोवर सत्तर वर्षं झाली होती.