साठी आणि बुद्धि

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, घरांतील वडील माणूस विसरूं लागलें म्हणजे ती उच्चारून आपण मोकळे होतों. मीहि एकदां तेंच केलें. माझ्या आत्याबाई गंगाखेड तालुक्यांत पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकवीत होत्या. सेवानिवृत्त झाल्यावर त्या परभणीस आमच्याकडे राहावयास आल्या. पुढें वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्या एकच प्रश्न दहा-दहा वेळां विचारूं लागल्या. भाजींत मीठ दोनदां पडूं लागलें. आणि एके दिवशीं बाजारांतून घरीं येण्याची, वर्षानुवर्षें पायाखालची असलेली वाट त्यांस सांपडेना. आम्ही प्रथम हंसलों, पुढें रागावलों, आणि डॉक्टरांकडे नेण्यास दोन वर्षें उशीर केला. विद्यार्थिमित्रहो, ज्या दुखण्याला आम्ही म्हातारचळ म्हणत होतों, त्याचें नांव अल्झायमरचा रोग. त्याविषयीं चार गोष्टी तुम्हांस व तुमच्या पालकांस सांगाव्या, म्हणून हा लेख.

जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत १९०१ सालीं औगुस्टे डेटर नांवाची एकावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचें नांवहि धड लिहितां येईना. १९०६ सालीं ती वारल्यावर डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला. पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे साठे व पेशींच्या आंत गुंतून पडलेले तंतू त्यांना आढळले. हीं दोन्ही प्रथिनेंच होत. पहिल्यास अमायलॉइड व दुसऱ्यास टाउ म्हणतात. यांतील अत्यंत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा संचय विसरण्याचें पहिलें लक्षण दिसण्यापूर्वीं पंधरा-वीस वर्षें सुरू झालेला असतो. सत्तराव्या वर्षीं जो रोग उघड होतो, तो पन्नाशींतच घरांत शिरलेला असतो.

मेंदूच्या ज्या भागांत नव्या आठवणी रुजतात, त्यावर बहुधा पहिला घाला पडतो. म्हणून जुनें टिकतें आणि नवें जातें. आत्याबाईंना दुपारीं काय जेवलों तें संध्याकाळीं सांगतां येत नसे, पण पावकी, निमकी, सवायकी त्या न अडखळतां म्हणत. नंतर पैशांचा हिशेब सुटतो, वस्तूंचीं नांवें सांपडत नाहींत, रात्र व दिवस यांची अदलाबदल होते, नसता संशय येतो. पुढें घरचीं माणसें ओळखूं येत नाहींत, आणि अखेरीस घांस गिळणेंहि कठीण होतें. शेवटच्या वर्षीं आत्याबाई मला विचारीत, "बाळ, तूं कोणत्या इयत्तेंत आहेस?" मी सातवी म्हणून सांगत असें, त्यांचें समाधान होई.

हा रोग कोणास होतो? वय हें सर्वांत मोठें कारण. पासष्टीनंतर दर पांच वर्षांनीं धोका जवळजवळ दुप्पट होतो. कांहीं अंशीं तो आनुवंशिक आहे, परंतु आईस झाला म्हणजे मुलास होईलच असें नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठ वर्षांवरील शेंकडा सुमारें ७.४ माणसांस, म्हणजे अंदाजें ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. आणि त्याचें प्रमाण पुरुषांपेक्षां स्त्रियांत व शहरांपेक्षां खेड्यांत अधिक आहे. स्मृतिभ्रंशाचीं कारणें अनेक, त्यांत अल्झायमर हें सर्वांत मोठें.

आतां टाळतां येण्याजोगें काय, तें पाहूं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं अशीं चौदा कारणें सांगितलीं. तीं सर्व दूर झालीं तर स्मृतिभ्रंशाचे शेंकडा ४५ रोगी टळतील किंवा त्यांचा रोग लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचें धूम्रपान, मद्य, स्थूलता, बैठेपणा, डोक्यास मार लागणें व एकलकोंडेपणा हीं आहेत. कमी ऐकूं येणें हेंहि एक आहे. आमच्याकडे चष्म्याची लाज कोणी धरीत नाहीं, कानाच्या यंत्राची मात्र धरतात! आणि बालपणींचें कारण एकच: अपुरें शिक्षण. जे पालक आठवीनंतर मुलीचें नांव शाळेंतून काढण्याच्या विचारांत असतील, त्यांनीं हें कारण पुन्हां एकदां वाचावें.

शिक्षणाचा मेंदूशीं काय संबंध, असें कोणी विचारील. अमेरिकेंत १९८६ सालीं डेव्हिड स्नोडन यांनीं एका कॅथलिक संघांतील जोगिणींचा अभ्यास आरंभिला. पुढें त्यांत ६७८ वृद्ध भगिनी सामील झाल्या. त्यांपैकीं कित्येकींनीं तरुणपणीं लिहिलेलीं छोटीं आत्मवृत्तें मठांत जपून ठेविलेलीं होतीं. ज्यांच्या वाक्यांत विचार दाट होते, त्यांना म्हातारपणीं हा रोग कमी झालेला दिसला. निबंधाच्या तासाला जांभया देणाऱ्यांच्या हातीं ही माहिती मुद्दाम ठेवितों.

आपल्याला अधिक जवळचें उदाहरण हैदराबादचें. तेथें डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांचे सहकारी यांनीं स्मृतिभ्रंशाचे ६४८ रोगी तपासून २०१३ सालीं असें दाखविलें कीं, दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत तो सुमारें साडेचार वर्षें उशिरां सुरू झाला. निरक्षरांतहि हा फरक होता. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत असलेल्या आपल्या जिल्ह्यांत घरीं मराठी व बाजारांत उर्दू हें जुन्या माणसांना सहज जमे. तरी भाषा म्हणजे खात्रीचें कवच असें समजूं नये. कोंकणी, कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी आदि अनेक भाषा जाणणारे जॉर्ज फर्नांडिस यांनाहि या रोगानें गांठलें. २९ जानेवारी २०१९ रोजीं ते वारले.

रोग समूळ बरा करणारें औषध नाहीं. लेकॅनेमॅब व डोनानेमॅब हीं नवीं औषधें आरंभींच्या अवस्थेंत त्याची गति थोडी मंद करतात, इतकेंच. तथापि विसराळूपणा दिसतांच डॉक्टरांकडे जावें. कारण बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार किंवा मनाची उदासीनता यांनींहि स्मृति मंदावते, आणि त्यांवर इलाज आहेत.

घरांत असा रोगी असेल तर "मी कोण, ओळख पाहूं" अशी परीक्षा घेऊं नये. त्याच्या वस्तू त्याच जागीं ठेवाव्या, आणि त्याच्या अंगावर नांव-पत्ता असावा. आम्ही आत्याबाईंच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला आंतून पत्त्याची कापडी पट्टी शिवली होती. त्यानंतर त्या दोनदां परभणी स्टेशनापर्यंत गेल्या, आणि दोन्ही वेळां अनोळखी माणसांनीं त्यांना घरीं आणून सोडलें.