पाँडिचेरीच्या वाऱ्या

एकाच गावी पुनःपुन्हा जाणाऱ्या माणसाकडे लोक किंचित संशयाने पाहतात. गाव पंढरपूर असेल तर कोणी कारण विचारीत नाही. परंतु २०२३ साली मी चौथ्यांदा पाँडिचेरीस निघालो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी सरळच विचारले, "आता तेथे पाहावयाचे काय राहिले?" त्यांना उत्तर देणे मला त्या वेळी सुचले नाही. ते आज आपणांपुढे देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली वारी १९७२ सालची. वडील नोकरीनिमित्त मद्रासला होते आणि मी चौदा वर्षांचा होतो. मद्रासहून दक्षिणेस दीडशे-एक किलोमीटरांवर हे शहर. फ्रेंचांचा अंमल तेथून उठून तेव्हा जेमतेम अठरा वर्षे झाली होती. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर निळ्या पाट्यांवर फ्रेंच नावे होती आणि चौकातल्या शिपायाच्या डोक्यावर उंच तांबडी टोपी होती. ती टोपी आजही आहे. वडील हिशेबखात्यातले, त्यांनी मला शहराची माहिती आकड्यांत सांगितली. १६७४ साली फ्रेंच कंपनीची वखार येथे सुरू झाली. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी जवळच्या कीळूर या खेड्यात लोकप्रतिनिधींचे मतदान झाले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने मत दिले. १ नोव्हेंबरला कारभार हाती आला, १९५६ साली करार झाला, आणि फ्रान्सची मान्यता मिळून कागदोपत्री सारे पुरे होण्यास १९६२ चा ऑगस्ट उजाडला. विरोधात गेलेल्या आठ मतांचे वडिलांना फार कौतुक वाटे. "नको म्हणणाऱ्यांचीही नोंद राहिली, हा हिशेब स्वच्छ," असे ते म्हणत.

आईला या कशातच गोडी वाटली नाही. तिचे माहेर रत्नागिरीकडचे, समुद्रकाठचे. समुद्राजवळच्या गोऱ्या वस्तीतील पिवळ्या-पांढऱ्या भिंती, उंच कुंपणे आणि भली मोठी दारे पाहून ती एवढेच म्हणाली, "रंग छान आहे, पण दारात बसायला जागा नाही." शहराच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेस युरोपियनांची वस्ती आणि पश्चिमेस तमिळ लोकांची, अशी विभागणी फ्रेंचांनी केली होती. एकीला गोरे नगर आणि दुसरीला काळे नगर म्हणत. आम्ही कालवा ओलांडला आणि आईची कळी खुलली. तेथल्या घरांपुढे रस्त्यालगत उंच, गुळगुळीत बैठक असते, तिच्यावर खांबांनी तोललेले उतरते छप्पर. तिला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. "अरे, हा तर आपला ओटा!" म्हणून ती एका अनोळखी दारापुढे खुशाल बसली, आणि आतल्या बाईने तिला पाणी आणून दिले. फ्रेंच घराचे सौंदर्य आतल्या अंगणात असते, ते भिंतीआड राहते. तमिळ घर आपला एक भाग वाटसरूला देऊन टाकते. या शहराच्या वास्तुशास्त्रावर मी पुढे बरेच वाचले, पण आईच्या त्या बसण्याइतके स्पष्ट विवेचन कोठे आढळले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आम्हांस समुद्रावर नेले. सूर्य समुद्रात बुडताना तिने जन्मभर पाहिला होता. समुद्रातून वर येताना कधी पाहिला नव्हता. महात्माजींच्या पुतळ्यासमोर तेव्हा वाळू होती. तीत घोटाभर पाण्यात उभी राहून तिने लोट्याने अर्घ्य दिले, आणि वडील मागे चपला सांभाळीत उभे राहिले.

दुसरी वारी १९९६ ची. वडील वारले होते. आई, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर होत्या. आईला तीच जागा पाहावयाची होती. जागा सापडली, पुतळाही होता. पण रस्त्याच्या कठड्याखाली काळ्या धोंड्यांची रास पडलेली आणि तिच्यावर लाटा आपटत होत्या. आई थबकली. "अरे, वाळू कुठे गेली?" मी म्हणालो, "भरती असेल." तिने माझ्याकडे असे पाहिले की मी चौदा वर्षांचाच राहिलो आहे. "भरती मला शिकवतोस?" तिने कठड्यावरूनच लोटा ओतला. पाणी दगडांवर पडले. त्या मुक्कामात मुलीला आइस्क्रीम आवडले, पत्नीला हातकागद आवडला, आणि आई पुन्हा समुद्रावर आली नाही. २००३ साली ती गेली.

त्या प्रश्नाचे उत्तर मला तिसऱ्या वारीत मिळाले. ती जानेवारी २०१५ ची, दोन मित्रांबरोबर. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता, दुसरा इतिहासाचा शिक्षक. कठड्यावर बसून मी आईची गोष्ट सांगितली, तेव्हा अभियंता म्हणाला, "तुझी आई बरोबर होती. ही भरती नाही, चोरी आहे. आणि चोर दक्षिणेला बसला आहे."

त्याने समजावून दिले ते असे. किनारा आपणांस स्थिर वाटतो, पण वाळूचा किनारा ही एक आडवी वाहणारी नदी असते. लाटा किनाऱ्यावर सरळ येत नाहीत, तिरप्या येतात. प्रत्येक लाट वाळूचे कण थोडे पुढे सरकवते. कोरोमंडल किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक महिने लाटांचा रोख दक्षिणेकडून असतो, म्हणून वाळू उत्तरेस चालते. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत ती उलट फिरते, पण जाते त्यापेक्षा परतते कमी. अशी वर्षाकाठी लक्षावधी घनमीटर वाळू या शहरासमोरून जात असे. दररोज जाई आणि दररोज येई, म्हणून पाहणाऱ्यास ती तेथेच असल्यासारखी दिसे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेस नवे बंदर झाले आणि त्याच्या तोंडाशी समुद्रात दगडी बांध घालण्यात आले. दक्षिणेकडून येणारी वाळू त्या बांधाशी अडली. तिकडे पुळण रुंद होत गेली. इकडे समुद्राने होती ती वाळू नेली आणि तिच्या जागी नवी आली नाही. अडलेली वाळू उचलून बंदरापलीकडे टाकीत राहण्याची योजना मुळात होती, पण ती नेमाने चालली नाही. मग रस्ता वाचावा म्हणून धोंडे टाकले.

"धोंडे टाकल्यावर तरी थांबले ना?" शिक्षकाने विचारले.

"येथे थांबले." अभियंत्याने उत्तरेकडे बोट केले. आम्ही तिकडे चालत गेलो. तेथे कोळ्यांच्या वस्त्या आहेत. लाटेची भूक धोंड्यांनी भागत नाही, ती पुढच्या वाळूवर जाते. तेथली वाळू गेली, मग तेथेही धोंडे, मग त्यापुढची गेली. होडी ओढून ठेवण्यास वाळू लागते. ती नसेल तर होडी ठेवायची कोठे? एका म्हाताऱ्या नाखव्याने आम्हांला हातानेच दाखवले की पूर्वी त्याच्या दारापासून पाणी किती लांब होते. त्याने हात पसरला तो त्या वेळी पाण्यात बऱ्याच आत असलेल्या एका जागेकडे. बंदर कोणासाठी बांधले आणि किनारा कोणाचा गेला, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही.

आईस द्यावयाचे उत्तर मला अशा रीतीने एकोणीस वर्षांनी मिळाले.

शिक्षकाची तऱ्हा निराळी. त्याने आम्हांस आधी सत्तर-एक किलोमीटरांवरील जिंजीचा किल्ला चढावयास लावला आणि मगच शहर दाखवले. १६७७ साली शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या स्वारीत जिंजी घेतली आणि शेरखान लोदीचा पराभव केला. याच शेरखानाकडून फ्रेंचांना पाँडिचेरी मिळाली होती; तेव्हा वखारीचा प्रमुख फ्राँस्वा मार्तँ याने घाबरून महाराजांकडे दूत पाठवला. तेथेच राहण्याची परवानगी मिळाली. परत आलेल्या त्या दूताने छावणीचे वर्णन केले ते मार्तँने लिहून ठेवले आहे: थाटमाट नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही, साध्या जाड्याभरड्या कापडाचे दोनच लहान तंबू. व्हर्सायच्या राजाची चाकरी करणाऱ्यास हे पाहून काय वाटले असेल! १७४१ च्या सुमारास रघूजी भोसल्यांनी दरडावून खंडणी मागितली, तेव्हा गव्हर्नर द्यूमा याने नकार दिला, पण मद्याच्या काही बाटल्या भेट पाठवल्या आणि त्या रघूजींच्या घरी फार आवडल्या, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असावी असे शिक्षकाचे मत, अभियंत्याचेही तेच.

महात्माजींच्या पुतळ्याभोवती जे आठ कोरीव दगडी खांब आहेत, ते जिंजीहून आणलेले. मी ते तीनदा पाहिले होते. कोठून आले, हे कधी विचारले नव्हते.

मात्र त्याने मला खरा धक्का दिला तो निराळाच. ज्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांना सारे जग फ्रेंच म्हणते, त्यांची आखणी डचांची. १६९३ साली डचांनी शहर जिंकले, रस्त्यांचा आराखडा केला, आणि १६९७ च्या तहाने शहर परत द्यावे लागल्यावर फ्रेंचांनी तोच आराखडा पुढे चालवला. ज्या हवेल्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या म्हणून आपण न्याहाळतो, त्यांतली बहुतेक तशी नव्हेत. १७६१ साली इंग्रजांनी वेढा घालून शहर घेतले आणि ते पद्धतशीरपणे पाडून टाकले. १७६५ साली फ्रेंच परतले ते ढिगाऱ्यांवर, आणि त्यांनी जुन्या पायांवरच पुन्हा बांधले. पाडापाडीचे पाप एकट्या इंग्रजांचे नव्हे. १७४८ साली द्यूप्लेच्या कारकिर्दीत वेदपुरीश्वराचे प्राचीन देऊळ पाडले गेले. त्याच द्यूप्लेचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याने आपल्या तमिळ रोजनिशीत ती हकीकत लिहून ठेवली आहे. द्यूप्लेचा पुतळा किनाररस्त्याच्या दक्षिण टोकास आजही आहे. रोजनिशीही आहे.

किनाऱ्यावरची जुनी नगरपालिका, जिला तेथे मेरी म्हणतात, ती पाहावयास आम्ही गेलो आणि तिची जागा तेवढी पाहिली. एकोणिसाव्या शतकातील ती देखणी इमारत दुरुस्तीची वाट पाहत उभी होती. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी पावसात ती कोसळली, आमच्या जाण्याच्या दोन महिन्यांहूनही कमी काळ आधी. शिक्षक बराच वेळ बोलला नाही.

गेल्या वारीत, म्हणजे २०२३ साली, मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा बरोबर होते. मेरी पुन्हा उभी होती. जुन्या रूपाबरहुकूम बांधून ती २०२१ मध्ये पुरी झाली. खांब तेच, कमानी त्याच. नव्या रंगामुळे ती जुनी असल्याचा भास अधिकच होतो. उलट बंदराचा जुना धक्का मार्च २०२२ मध्ये काही भाग कोसळून मधेच तुटला होता. त्याच्याही आधीचा, फ्रेंचांच्या काळचा लोखंडी धक्का १९५२ च्या वादळात गेला होता. कालव्यापलीकडे मी आईची तिण्णै शोधली. ती गल्ली मिळाली. घराच्या जागी तीन मजली वसतिगृह होते आणि त्याला ओटा नव्हता. शेजारची दोन घरे मात्र जपून दुरुस्त केलेली होती. एकीवर एक म्हातारी वर्तमानपत्र वाचीत बसली होती.

पहाटे आम्ही किनाऱ्यावर आलो. पुतळ्यापाशी धोंडेच होते. पण उत्तरेस, सचिवालयासमोर, वाळू दिसली! २०१८ साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तेथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक बांध बसवला. तो लाटेचा जोर मोडतो, आणि मंदावलेली लाट वाळू खाली ठेवते. वाळूचा तुकडा मोठा नाही. पाच मिनिटांत संपतो. तो किती टिकेल हे बंदरापलीकडे वाळू नेण्याच्या कामावर आहे, असे अभियंत्याने मला दूरध्वनीवर बजावले होते. कोळीवाड्यापर्यंत तो पोहोचलेला नाही.

नातवाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने बसकण मारली आणि खड्डा खणावयास घेतला. सूर्य वर आला तशी मुलगी चपला काढून पाण्यात गेली. लोटा कोणी आणला नव्हता. तिने पिशवीतली पाण्याची बाटली उघडली, ओंजळीत पाणी घेतले आणि मला विचारले, "बाबा, आजी काय म्हणायची?" मला चोविसांपैकी सहाच नावे आठवली, तेवढी सांगितली. मी मागे चपला घेऊन उभा होतो. तेवढ्यात एक लाट आली आणि नातवाचा खड्डा भरून गेला. तो रागावला, जरा वरच्या अंगास सरकला आणि पुन्हा खणू लागला.