वरून टिपलेले मुशीचे पिल्लू

बाजारातली मुशी आपल्या ओळखीची. तिच्याच कुळातला ग्रेट व्हाइट शार्क. त्याचे नुकते जन्मलेले पिल्लू समुद्रात कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. ९ जुलै २०२३ रोजी अमेरिकेत सांता बार्बराजवळ कार्लोस गौना व फिलिप स्टर्न्स यांनी कॅमेऱ्याचा ड्रोन उडवला. नावेतून पाणी चकाकते. सरळ वरून मात्र आतले दिसते. पडद्यावर सुमारे ५ फुटांचे पांढरेशुभ्र पिल्लू आले. पोहताना अंगावरचा पांढरा थर सुटत होता. तो आईच्या पोटातला असावा, असे त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये लिहिले. कातडीचा रोगही असू शकेल, हेही लपवले नाही. हा प्रामाणिकपणा आम्हाला फोटोइतकाच मोलाचा वाटतो. पहिले खरे असेल, तर हे बाळंतपण किनाऱ्यालगतच, माणसे पोहतात त्याच पाण्यात होते.