वाहितमल संस्करण केंद्रातील दुर्गंध नियंत्रण

शहराचे मैलापाणी ज्या केंद्रात शुद्ध केले जाते तेथे निर्माण होणारे अथवा तेथे पाण्यातून मोकळे होणारे दुर्गंधी वायू रोखणे, गोळा करणे व निर्गंध करून हवेत सोडणे यासाठी योजण्यात येणाऱ्या उपायांना ही संज्ञा लावतात. ताज्या मैलापाण्याचा वास फारसा उग्र नसतो. त्यातील विरघळलेला ऑक्सिजन संपून ते शिळे झाले म्हणजे दुर्गंध सुरू होतो.

दुर्गंधी द्रव्यांत हायड्रोजन सल्फाइड हा वायू प्रमुख असून मरकॅप्टने, अमोनिया, अमाइने, इंडोल व स्कॅटोल हीही असतात. मलवाहिनीच्या पाण्याखालील पृष्ठावर बुळबुळीत थर साचतो व त्याच्या अंतर्भागात ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथील डिसल्फोव्हिब्रिओ वगैरे सूक्ष्मजंतू सल्फेटाचे क्षपण करून सल्फाइड तयार करतात. वाहिनी लांब, उतार अल्प व पाणी उबदार असेल, तर सल्फाइड वाढते. पंपाच्या दाबाने पूर्ण भरून वाहणाऱ्या नळांत हवेचा स्पर्शच नसल्याने ते विशेष साठते. म्हणजे केंद्रात येणारा वास पुष्कळदा काही तास आधी वाटेतच तयार झालेला असतो. केंद्राच्या आवारातच सर्व उपाय योजणाऱ्या योजना अपुऱ्या पडतात, त्याचे हे मुख्य कारण होय.

विरघळलेले सल्फाइड बाहेर पडणे पाण्याच्या पीएच मूल्यावर अवलंबून असते. हे मूल्य ७ च्या आसपास असता सुमारे निम्मे सल्फाइड वायुरूपाने निसटण्याजोगे असते. ९ असता जेमतेम १ टक्का. पाणी खळबळले की वायू झपाट्याने सुटतो. त्यामुळे आवक कक्ष, वाळू वेगळी करणाऱ्या कुंड्या आणि निवळण टाक्यांच्या काठावरून पाणी पडते त्या जागा अधिक उपद्रवी ठरतात. गाळ घट्ट करण्याची व त्यातील पाणी काढण्याची ठिकाणे तर सर्वांत त्रासदायक. वातन टाक्यांचा वास त्यामानाने सौम्य, ओल्या मातीसारखा असतो.

हायड्रोजन सल्फाइडाचा सडक्या अंड्यांसारखा वास हवेच्या अब्ज भागांत काही थोडे भाग एवढ्या अल्प प्रमाणातही कळतो. परंतु दशलक्ष भागांत सु. १०० भाग झाल्यावर काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास गेला असे वाटते. ५०० भागांपुढे जिवाला धोका असतो व १,००० च्या आसपास माणूस जवळजवळ तत्काळ कोसळतो. हा वायू हवेहून जड असल्याने विहिरीत व मॅनहोलमध्ये तळाशी साचतो. तेव्हा शेजारच्या वस्तीला नाक इशारा देते, पण आत उतरणाऱ्या कामगाराला ते ऐन वेळी फसविते. त्याने वायुमापकाखेरीज कशावरही विसंबू नये. संरक्षक साधने व खबरदारी यांवाचून गटारात माणूस उतरविण्यास भारतात २०१३ च्या कायद्याने मनाई आहे.

लंडन येथे १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीमुळे संसद भवनाचे पडदे विरंजक चुन्याच्या द्रावात भिजवून टांगावे लागले होते. सुगंधी द्रव्ये फवारून वास झाकण्याचा आजचा प्रकारही याच जातीचा असून त्याने मूळ वायू कमी होत नाही.

खरे नियंत्रण उगमाशी सुरू होते. मलवाहिनीत ऑक्सिजन किंवा कॅल्शियम नायट्रेट सोडल्यास सल्फाइड बनणे थांबते. लोहाची लवणे घातल्यास बनलेले सल्फाइड काळ्या अविद्राव्य लोह सल्फाइडाच्या रूपात पाण्यातच राहते. दाहक सोड्याची मोठी मात्रा अधूनमधून देऊन बुळबुळीत थर मारताही येतो. पण तो काही दिवसांत पुन्हा वाढतो. केंद्रात पाण्याच्या पडीची उंची कमी करणे व गाळ वेळेवर काढणे हे अल्पखर्चाचे उपाय असूनही बहुधा तेच दुर्लक्षिले जातात.

टाक्या झाकल्या की वास बाहेर जात नाही, परंतु आत वायू साठतो. सूक्ष्मजंतू त्याचे सल्फ्यूरिक अम्लात रूपांतर करतात व काँक्रीट झिजते. सी. डी. पार्कर यांनी असे सूक्ष्मजंतू मेलबर्नच्या झिजलेल्या मलवाहिन्यांतून वेगळे केल्याचे १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून झाकणाखालील हवा पंख्याने सतत ओढून शुद्धीकरणाकडे न्यावी लागते.

ही हवा मनोऱ्यात दाहक सोडा व सोडियम हायपोक्लोराइट यांच्या द्रावाने धुतात (अमोनियासाठी अम्ल लागते) किंवा सक्रियित कार्बनातून नेतात. लाकडाचे तुकडे, साल वा कंपोस्ट यांच्या ओलसर थरातील सूक्ष्मजंतूंकरवी ती शुद्ध करणाऱ्या जैव गाळण्या स्वस्त पडतात. मात्र त्यांत हवा अर्धा ते एक मिनिट राहावी लागत असल्याने जागा पुष्कळ लागते. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी येथे रासायनिक धावन मनोऱ्याचेच जैव गाळणीत रूपांतर करून, हवा सु. २ सेकंदच आत राहत असतानाही, बहुतेक सर्व हायड्रोजन सल्फाइड काढता येते असे २००३ मध्ये दाखविण्यात आले. तो निघाला तरी मरकॅप्टनांचा वास राहू शकतो. म्हणून केवळ वायुमापकाचे आकडे शेजाऱ्यांच्या तक्रारींशी जुळतातच असे नाही. यासाठी नमुना शुद्ध हवेने किती पट विरल केला असता निवडक व्यक्तींच्या गटातील निम्म्यांना वास येईनासा होतो ते पाहतात.

मेलबर्नजवळील वेरिबी येथील केंद्र १८९७ मध्ये शहरापासून दूर शेतजमिनीवर सुरू झाले. तेथील विस्तीर्ण अनॉक्सिजीवी तळ्यांवर पुढे प्लॅस्टिकची आच्छादने पसरण्यात आली. त्यांखाली जमणाऱ्या वायूपासून केंद्रासाठी वीज तयार करतात.