शाळेच्या फाटकापर्यंतची वाट

नातवंडांना शाळेत पोहोचवणे आणि परत आणणे ही जबाबदारी आज असंख्य घरांत आजी-आजोबांकडे असते. त्या निमित्ताने रस्त्यावर एकत्र येतात ती सर्वांत असुरक्षित अशी दोन वये. आजोबांचा गुडघा चटकन उचलत नाही, मान पुरती वळत नाही, मागून येणाऱ्या दुचाकीचा आवाज उशिरा कानी पडतो. सहा-सात वर्षांच्या नातवाला उभ्या मोटारींपलीकडचे दिसत नाही आणि वाहनाच्या वेगाचा अंदाजही अजून नीट बांधता येत नाही.

थोडे गणित मांडून पाहू. रस्ता ओलांडण्याचा हिशेब करताना अभियंते सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर ही चाल गृहीत धरतात. त्या चालीने ७ मीटर रुंदीचा रस्ता सुमारे ६ सेकंदांत ओलांडला जातो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास मात्र जवळजवळ ९ सेकंद लागतात. या जादा ३ सेकंदांत ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ४० मीटर पुढे येते. ताशी ३० किलोमीटर वेगाचे २५ मीटर. आजोबांना चाल वाढवता येणार नाही. वाहनाचा वेग मात्र कमी करता येतो.

त्याचे उपाय फार खर्चिक नाहीत. फाटकासमोरचा झेब्रा पट्टा पदपथाच्या पातळीपर्यंत उंचावला, तर वाहने आपोआप मंदावतात आणि वृद्धांची पायरी चढ-उतार टळते. रुंद रस्त्यात मधोमध थांबण्यास जागा असली, तर एका वेळी एकाच दिशेची वाहतूक पाहावी लागते. फाटकाजवळ वाहने उभी करण्यास मनाई केली, की मूल व चालक एकमेकांना वेळीच दिसतात. इटलीतील बोल्झानो शहराने १९८९ मध्ये शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेपुढचा रस्ता वाहनांस बंद करण्याची प्रथा सुरू केली. पुढे ती अनेक शहरांनी उचलली.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा मागणी करताना संकोच नको. पालक-शिक्षक संघामार्फत क्षेत्रीय कार्यालय व वाहतूक पोलीस या दोघांकडे लेखी अर्ज द्यावा. अडथळ्यांची छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी. पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील कामे सुचवता येतात, त्या संधीचाही उपयोग करावा.

तोवर दहा मिनिटे लवकर निघावे. मुलाचा हात, बोटे नव्हे तर मनगट, धरावा आणि त्याला वाहनांच्या विरुद्ध बाजूस ठेवावे. उभ्या गाड्यांमधून कधीही रस्ता ओलांडू नये. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. आणि घरातील तरुणांनी शाळेपाशी स्वतःचे वाहन हळू चालवावे. तेथे रस्ता ओलांडणारे कोणाचे तरी आजी-आजोबाच असतात.