संदेशांचे दप्तर कोणाच्या हवाली?

फोन हरवला, पाण्यात पडला किंवा चोरीस गेला, तरी त्यातील गप्पा आणि छायाचित्रे कंपनीच्या यंत्रांत शाबूत असणारच आणि नव्या फोनात जुना क्रमांक घातला की ती आपसूक परत येणारच, असा जो निर्धास्त समज चांगल्या सुशिक्षित घरांतूनही रूढ झालेला आढळतो, तो व्हॉट्सॲपच्या बाबतीत निराधार आहे. एका फोनातून निघालेला संदेश दुसऱ्या फोनात रुजू झाला की मधल्या सर्व्हरवरून तो पुसला जातो. घेणाऱ्याचा फोन बंद असेल तर तो तेथे तिष्ठत राहतो खरा, पण त्याचीही मुदत 30 दिवसांची. शिवाय एप्रिल 2016 पासून प्रत्येक संदेश पाठविणाऱ्याच्या फोनातच कूटबद्ध होऊन निघतो आणि त्याची उकल करणारी किल्ली केवळ घेणाऱ्याच्या फोनात असते. म्हणजे कंपनीने पत्करलेली चाकरी जासुदाची आहे, दप्तरदाराची नव्हे. थैलीतला खलिता ज्याला वाचताच येत नाही, त्याच्याकडे त्याची नक्कल मागण्यात हशील नाही. गुप्ततेचा बंदोबस्त जितका कडक, तितका जतनाचा बोजा ज्याचा मजकूर त्याच्या शिरावर अधिक, हा या व्यवस्थेतला मूळ करार आहे, आणि आपण तो न वाचताच मान्य केलेला आहे.

हा मजकूर राहतो तो फोनातल्या एका फाइलीत. रिचर्ड हिप यांनी 2000 साली सिद्ध केलेल्या एसक्यूलाइट या प्रणालीच्या कोष्टकांत त्याची ओळीमागून ओळ नोंद होते, आणि ती फाइल ज्या फ्लॅश स्मृतीवर लिहिली जाते, तिची घडण पाहिली म्हणजे हे दप्तर किती सूक्ष्म आधारावर उभे आहे हे ध्यानी येते. 1967 साली बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरमध्ये चहूकडून विद्युत्‌रोधक थराने वेढलेले एक द्वार बसविण्याची कल्पना मांडली, आणि पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी त्याच तत्त्वावर फ्लॅश स्मृती घडविली. या कोंडलेल्या द्वारात इलेक्ट्रॉन ढकलले की वीज बंद केल्यावरही ते तेथेच अडकून राहतात, आणि किती अडकले यावरून तेथे काय लिहिले आहे हे ठरते. पुष्कळ फोनांत एकेका कोशात तीन-तीन द्विमान अंक साठविलेले असतात, म्हणजे विद्युत्‌भाराच्या आठ निरनिराळ्या पायऱ्या अचूक ओळखाव्या लागतात. प्रत्येक पुनर्लेखनागणिक रोधक थर झिजतो, उष्णतेने गळती वाढते, आणि त्रुटी सुधारणारे गणिती संकेत या साऱ्यावर मुकाट्याने पांघरूण घालीत राहतात; त्यामुळे चुका त्यांच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत मालकाला कशाचीही दाद नसते.

वि. का. राजवाडे यांनी ठिकठिकाणच्या वाड्यांतून गोळा करून 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेत छापलेली कागदपत्रे आठवावीत. त्यांतील पुष्कळशी कोणी निगुतीने जपली होती म्हणून नव्हे, तर माळ्यावरच्या रुमालांकडे कोणी पिढ्यान्‌पिढ्या ढुंकूनही पाहिले नाही म्हणून उरली. कागदाला दुर्लक्ष मानवते. कोंडलेल्या विद्युत्‌भाराला ते मानवत नाही. जुना फोन कपाटाच्या खणात बंद करून ठेवला म्हणजे आठवणी जपल्या, असे मानणाऱ्यांनी एवढा भेद लक्षात घ्यावा.

छायाचित्रांची कथा निराळी आहे, आणि माझ्या मते अधिक शोचनीय. बंगळूरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 साली प्रसिद्ध केलेल्या कोसाइन रूपांतराच्या पद्धतीवर 1992 चे जेपेग मानक उभे आहे. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकाचे लहानमोठ्या तरंगांत पृथक्करण करावयाचे, आणि ज्या बारीक तरंगांची उणीव डोळ्याला सहसा जाणवत नाही ते गाळून टाकावयाचे, हे त्यातले मर्म. व्हॉट्सॲप चित्र पाठविताना ते लहान करते आणि ही गाळणी पुन्हा एकदा, अधिक कठोरपणे लावते. गाळलेले कोणत्याही उपायाने परत येत नाही. चित्र कोणत्या दिवशी, कोणत्या स्थळी टिपले याची जी नोंद कॅमेरा फाइलीत करून ठेवतो, तीही वाटेत काढून टाकली जाते. अँड्रॉइड फोनात अशा चित्राच्या नावात तारीख आणि पुढे ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे दिसतात खरी, पण ती तारीख चित्र हाती आल्याची, टिपल्याची नव्हे. आजोबांच्या लग्नाचे छायाचित्र त्यामुळे परवाच्या मंगळवारचे ठरते. 2023 पासून मिळालेला एचडीचा पर्याय निवडला तरी मूळ प्रत पोचत नाही. ती हवी असेल तर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावयास सांगावे. बारशाची किंवा मुंजीची छायाचित्रे नात्यातल्या ग्रुपवर आली म्हणजे ती जपली गेली असे समजणे व्यर्थ आहे; तेथे आली ती केवळ नक्कल, तीही उणी.

आता बॅकअप. अँड्रॉइडवर रोज पहाटे दोनच्या सुमारास संदेशांची एक कूटबद्ध प्रत फोनातच तयार होते आणि अशा गेल्या सात दिवसांच्या प्रती ठेवल्या जातात. परंतु ज्या फोनाच्या नाशाची धास्ती, त्याच्याच पोटात ठेवलेल्या नकलेचा उपयोग बेताचाच. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर, आणि आयफोन असेल तर आयक्लाउडवर जाते. तेथे फुकट जागा अनुक्रमे 15 आणि 5 जीबी, आणि तीत ईमेलपासून सर्वांचा वाटा. ही जागा बहुतांशी सुप्रभातच्या गुलाबपुष्पांनी आणि सणांच्या चलच्चित्रांनी भरते, जागा संपली की बॅकअप तहकूब होतो, आणि तशी सूचना आली तरी ती वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ग्रुपमधून येणारी चित्रे आपोआप उतरवून घेणे बंद करावे, हा त्यावरचा साधा इलाज.

येथे गुप्ततेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. प्रवासात कुलूपबंद असलेला मजकूर ड्राइव्हवर गेला की त्या कुलपाबाहेर पडे, ही उणीव 2021 साली दूर झाली, पण ती सोय आपण होऊन सुरू करावी लागते. तीत मूळचे दोन मार्ग असे: 64 अक्षरांची, म्हणजे 256 द्विमान अंकांची किल्ली स्वतः सांभाळावी, किंवा पासवर्ड ठरवून ती कंपनीच्या सुरक्षित तिजोरीत ठेवावी. चुकीचे पासवर्ड ठराविक वेळांहून अधिक दिले गेले, तर ती तिजोरी किल्ली कायमची दुरापास्त करते. मग कंपनीकडे अर्ज-विनंत्या करून उपयोग नाही, कारण तिच्यापाशीही दुसरी किल्ली नसते.

दीर्घकालीन जतनासाठी मला ‘एक्सपोर्ट चॅट’ हा दुर्लक्षित पर्याय अधिक भरवशाचा वाटतो. त्यातून निवडलेला संवाद साध्या मजकुराच्या फाइलीत उतरतो, केवळ मजकूर असल्यास 40,000 आणि चित्रांसह 10,000 संदेशांपर्यंत. ही फाइल व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही, परंतु ती वाचावयास व्हॉट्सॲपची गरजही लागत नाही, आणि तिच्यातील देवनागरी युनिकोडमध्ये असते. या शेवटच्या गोष्टीचे मोल मराठी माणसाला निराळे सांगावयास नको: नव्वदीच्या दशकात ‘शिवाजी’सारख्या फाँटांत टंकलिखित केलेले लेख आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले, तर रोमन अक्षरांचा निरर्थक गलबला दिसतो. फाइल शाबूत आणि मजकूर बेपत्ता, अशी ती अवस्था. 2025 पासून समोरची व्यक्ती विशेष गोपनीयतेची तजवीज करून असे एक्सपोर्ट रोखू शकते, हेही ध्यानात असावे; संवाद दोघांचा असतो, आणि तिची हरकत रास्त आहे.

राहिला वारसांचा प्रश्न. कुटुंबातील कर्त्या माणसाच्या पश्चात त्याचा बॅकअप उतरवावयाचा तर त्याचे गूगल खाते, कूटबद्ध बॅकअप सुरू केलेला असल्यास ती 64 अक्षरे किंवा पासवर्ड, आणि त्याचाच मोबाइल क्रमांक, अशा तिन्ही गोष्टी हाती असाव्या लागतात. पहिल्या दोन कागदावर शाईने लिहून सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ठेवता येतील. क्रमांकाचे मात्र तसे नाही. पडताळणीचा संकेत त्याच्यावरच येतो, आणि रिचार्ज थांबल्यावर काही काळाने तो क्रमांक दुसऱ्या ग्राहकाच्या नावे जाऊ शकतो, म्हणून सुतकाच्या गडबडीत ते सिमकार्ड बंद करण्याची घाई कोणी करू नये.